जुन्या गाडीचा वायपर चालंना? मोटार बदलायच्या आधी एवढं बघून घ्या

रोहिणीत एक-दोन वळीव पडून गेले की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते, वायपर चालंना झालाय. कुणाची पद्मिनी, कुणाची अँबॅसेडर, कुणाच्या आजोबांनी शेतासाठी घेतलेली जीप. गॅरेजला नेली की बरेच मेस्त्री वरवर बघून सांगतात मोटार गेली, दुसरी बसवूया, आणि मग कुठल्या तरी नव्या गाडीची मोटार पत्रा कापून तिथं बसवली जाते. हे मला अजिबात पटत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहालोय. पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, अँबॅसेडर २०१४ ला, म्हंजे ओरिजिनल मोटार आता ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच आहे, एकदा भंगारात गेली की परत तशी मिळणं लई अवघड. आणि वायपर बिघडतो तेव्हा मोटारीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी करंट पोचतोय का ते, मग अर्थ (बॉडीतनं बॅटरीकडं करंट परत जायची वाट), मग सुकलेलं ग्रीस आणि जाम झालेला स्पिंडल (वायपर ज्याच्यावर बसतो ती फिरती दांडी), एवढं सगळं बरोबर निघालं तरच मोटार खोलायची.

पहिलं काम म्हंजे तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा. वायपर हालतच नाही, हालतो खरं संथ, जोरात चालतो खरं काच पुसंना, बंद केल्यावर मधेच कुठंतरी थांबतो, ही चार वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळ्या जागी असतं. "वायपर खराब आहे" एवढंच सांगून गाडी मेस्त्रीकडं सोडली की तो त्याला सोपं पडेल ते करणार.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी. वायरिंगला हात लावताना बॅटरीचा बॉडीकडचा केबल काढून ठेवा, आणि मोटार चालू असताना डॅशबोर्डच्या खाली बोटं घालू नका, लिंकेजचे, म्हंजे मोटार आणि वायपर जोडणारे, रॉड बोट सोडत नाहीत. दुसरं काचेचं. जुन्या गाड्यांना पुढची काच बहुतेक टफन असते, आर्म (ब्लेड धरणारा दांडा) उचलून ठेवलेला असताना ब्लेड निघालं आणि आर्म स्प्रिंगच्या जोरानं काचेवर आपटला तर एक टवका जाऊन भागत नाही, अख्खी काच चुरा होऊन मांडीवर येते. म्हणून ब्लेड काढलं की आर्मच्या टोकाला जाड फडकं गुंडाळा, आणि काम होईतो काचेवर दुमडलेलं पोतं नाहीतर जुना टॉवेल टाकून ठेवा.

आता सगळ्यात उपयोगी टेस्ट, हिला पैसे लागत नाहीत. वायपर पार्कमध्ये, म्हंजे बंद केल्यावर थांबतो त्या जागेवर, असताना काचेवर टेपचे दोन तुकडे लावून ब्लेड कुठं थांबतात त्याची खूण करा आणि दोन्ही आर्म स्पिंडलवरून काढून घ्या. काहींना नट असतो, काहींना नुसती क्लिप, ती छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं उचलली की आर्म वर येतो, आला नाही तर स्पिंडलच्या बुडाला रॉकेलचे चार थेंब सोडून अर्धा तास थांबा, खालनं पाना लावून उचकटत बसू नका, तिथला रंगही जातो आणि स्पिंडलही वाकतो. आर्म निघाले की मोकळा वायपर चालू करून बघा. आता स्पिंडल झकास फिरालेत आणि आर्म लावल्यावरच संथ होतोय तर दोष ब्लेडच्या दाबात नाहीतर काचेत. मोकळा असतानाही रडतखडत फिरालाय तर दोष करंटचा नाहीतर आतल्या मेकॅनिझमचा. अजिबात फिरंना तर फ्यूजपासून सुरुवात.

फ्यूजचं थोडक्यात सांगतो. पद्मिनीत लांबट गोळीसारखे सिरॅमिक फ्यूज असतात, अँबॅसेडरला काचेचे. बऱ्याचदा फ्यूज जळालेला नसतो, खरं त्याच्या दोन्ही टोकांवर आणि ज्या पितळी पट्टीत तो बसतो तिच्यावर हिरवट-काळी बुरशी असते. नुसता फ्यूज बोटानं जागेवर गोल फिरवला तरी कितीतरी वेळा वायपर चालू होतो. तेवढ्यावर सोडू नका, पट्टी झिरो नंबर पॉलिश पेपरनं चकाचक करा आणि पट्टीचा ताण सैल झाला असेल तर पक्कडीनं जरा आवळून घ्या. फ्यूजच्या जागी वायर गुंडाळणं किंवा सिगारेटची चांदी लावणं हे करूच नका. वायपर जाम झाला तर फ्यूज जातो आणि मोटार वाचते, तिथं वायर गुंडाळली तर मोटार जळते आणि कधीकधी डॅशबोर्डही.

संथ वायपरवर मात्र जरा जास्त लिहायला पायजे, कारण ९० च्या आधीच्या गाड्यांत सगळ्यात जास्त तीच तक्रार असते आणि सगळ्यात जास्त मोटारी त्याच कारणानं विनाकारण फेकल्या जातात. जुनी एका स्पीडची मोटार मोकळी फिरताना साधारण ३ अँपिअरच्या आसपास करंट घेते. वाटेत कुठंतरी गंजलेलं थिंबल (वायरच्या टोकाची कडी) आहे, जुना स्विच आहे, सैल कनेक्शन आहे, आणि सगळ्याचा मिळून १ ओहमचा रेझिस्टन्स झाला, तर ३ अँपिअरला तिथंच ३ व्होल्ट खाल्ले जातात. म्हंजे बॅटरीत १२ असताना मोटारीला ९ च मिळाले, मग ती संथच चालणार, तिचा काय दोष. आणि इथं वायरमन लोक फसतात बघा, कारण ते मोटारीची वायर काढून मीटर लावतात आणि मीटर पूर्ण १२ दाखवतो. करंट वाहत नसताना व्होल्टेज पडतच नाही. मीटर लावायचा तो वायपर चालू असताना, वायर जोडलेली असताना.

ही टेस्ट अशी करायची. वायपर चालू, काच ओली, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मोटारीच्या सप्लायच्या टर्मिनलला. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पायजे. जास्त आला तर त्या वाटेवरच्या एकेका जोडावर टोक सरकवत या, फ्यूजच्या अलीकडं, पलीकडं, इग्निशन स्विचच्या अलीकडं, पलीकडं, जिथं आकडा एकदम उडी मारतो तोच जोड खराब. मग दुसऱ्या बाजूला, बॅटरीच्या मायनसपासून मोटारीच्या बॉडीपर्यंत, इथं पाव व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. काही जुन्या इंग्लिश पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, त्यामुळं आधी कुठला केबल बॉडीला गेलाय ते डोळ्यानं बघा आणि त्याप्रमाणं टोकं लावा. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प चालतो, खरं त्यात ब्रेकलाईटचा २१ वॅटचा साधा बल्ब वापरा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो म्हणून खराब जोडावर लगेच मंद होतो. एलईडीचा टेस्टर इथं काही कामाचा नाही, तो गंजलेल्या जोडातूनही छान पेटतो.

अर्थचं अजून एक. गाडीचं नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालंय आणि त्यानंतर वायपर संथ झालाय, असं असेल तर नव्वद टक्के वेळा तिथंच दुखणं आहे असं समजून चाला. आवाज येऊ नये म्हणून मोटार रबराच्या बुशवर बसवलेली असते, त्यामुळं तिला बॉडीचा अर्थ आपोआप मिळत नाही, एक वेगळी वायर किंवा पट्टी असते. पेंटर सगळीकडं प्रायमर आणि रंग मारतो, मेस्त्री त्याच रंगावर थिंबल आवळतो, झालं. तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, थिंबल आवळा, वरनं ग्रीसचं बोट फिरवा म्हंजे परत गंजत नाही. आणि बऱ्याच जुन्या लुकास (इंग्लिश कंपनी) पद्धतीच्या मोटारींना किल्ली चालू असेतो सप्लाय कायम असतो, डॅशबोर्डचा स्विच फक्त अर्थ देतो, मग अशा गाडीत डॅशबोर्डच्या पॅनलचाच अर्थ गेला की स्विच कितीही दाबा, काही होत नाही. स्विच खराब म्हणून बदलायच्या आधी स्विचपासून बॉडीला एक तात्पुरती वायर धरून बघा.

डायनामोच्या, म्हंजे बॅटरी चार्ज करायला जुन्या पद्धतीचा जनरेटर असलेल्या, गाड्यांना एक गोष्ट दोष म्हणून धरू नका. डायनामो आयडलला चार्जच करत नाही आणि पूर्ण स्पीडलाही जेमतेम २०-२२ अँपिअर देतो. रात्री पावसात हेडलाईट, टेललाईट, वायपर सगळं चालू ठेवून गोगटे सर्कलला ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की सगळा बोजा बॅटरीवर, आणि वायपर हळू पडणारच. हेडलाईटचेच दोन बल्ब ४५ वॅटचे धरले तर साडेसात अँपिअर जातात. जरा रेस दिली आणि वायपर पळायला लागला तर मोटार उत्तम आहे, फॅनबेल्टचा ताण आणि बॅटरीतलं पाणी बघा. रेस देऊनही फरक पडंना तरच पुढं जायचं.

आता मेकॅनिझम. पद्मिनीत मोटारीपासून रॉडचं लिंकेज जातं. अँबॅसेडरमध्ये मात्र मोटारीतून एक गुंडाळलेल्या तारेचा लवचिक केबल निघतो, नळीतून जातो आणि दोन व्हील बॉक्समधल्या छोट्या दातेरी गिअरना पुढं-मागं ओढतो, त्याला रॅक म्हणतात. लिंकेजच्या गाडीत प्रत्येक जोड हातानं हलवून बघा, बुश खाल्लेलं असेल तर रॉड खडखड वाजतो आणि एका बाजूचा ब्लेड दुसऱ्यापेक्षा कमी फिरतो. प्लास्टिकचं किंवा पितळी बुश मिळंना झालं तर काळजी करू नका, आमच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची काय कमी आहे, जुनं बुश आणि पिन नमुना म्हणून घेऊन जा, गनमेटलचं करून मिळतं आणि ते ओरिजिनलपेक्षा जास्त टिकतं. पिनही झिजलेली असेल तर नुसतं बुश करून उपयोग नाही, दोन्ही एकदम करा.

रॅकच्या गाडीत मोटारीच्या बाजूनं केबल सोडवून, आर्म काढलेले असताना, ताणकाट्यानं (स्प्रिंगच्या वजनकाट्यानं) ओढून बघा. जुन्या लुकास पद्धतीला ६ पौंडांपेक्षा, म्हंजे साधारण पावणेतीन किलोपेक्षा जास्त ओढ लागली नाही पायजे. जास्त लागली तर केबल पूर्ण बाहेर काढा, त्याच्यावर तीस-चाळीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासा, नळीतूनही रॉकेलात भिजवलेलं फडकं तारेनं ओढून काढा, वाळू द्या आणि मग नवीन ग्रीस पातळ लावा. लई ग्रीस भरू नका, थंडीत तेच घट्ट होऊन परत पहिल्यासारखं. नळी कुठं चेपली असेल, रेडिओ बसवणाऱ्यानं वाकवली असेल, तर तिथं केबल घासतो, ती वळणं हळूच गोल करा, एकदम काटकोनात नळी चालत नाही. व्हील बॉक्सच्या गिअरचे दात झिजले की आर्म हातानं हलवला तरी ढिला वाटतो आणि पुसताना टोकाला जाऊन टकटक करतो. इथं लगेच नवीन शोधायला धावू नका, कारण गिअर पूर्ण गोल असतो आणि त्याचा एकच भाग वापरात येतो, व्हील बॉक्स खोलून गिअर अर्धा फेरा फिरवून बसवला की न झिजलेले दात समोर येतात आणि अजून कितीतरी वर्षं निघतात. हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात आवडतं काम, खर्च शून्य आणि फरक लगेच दिसतो.

व्हील बॉक्स किंवा स्पिंडल खोललाच आहे तर वरचं रबर वॉशर बदला. पावसात पायावर पाणी गळालंय आणि लोक काचेचं बीडिंग बदलत बसतात, खरं पाणी येतं ते कितीतरी वेळा याच रबरातून.

एवढं करूनही मोकळी मोटार अडखळत असेल तरच ती काढून टेबलावर घ्या. कव्हर खोलायच्या आधी मोबाईलवर चार फोटो काढा आणि बॉडीवर खूण करा. आत गिअरच्या डब्यात तपकिरी दगड झालेलं ग्रीस दिसेल, ते खरवडून काढा, नवीन भरा. कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे छोटे ठोकळे) बघा, साधारण ५ एमएमच्या खाली आले असतील तर बदला, त्याच मापाचे मिळाले नाहीत तर मोठे कार्बन घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. कम्युटेटर (कार्बन ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) काळा पडला असेल तर थिनरच्या फडक्यानं पुसा, डाग राहिला तर झिरो पॉलिश पेपर, एमरी पेपर नको, त्याचे कण करंट वाहतात आणि खाचांत अडकून राहतात. दोन्ही टोकाच्या बुशना एकेक थेंब इंजिन ऑइल पुरे. नवीन सच्छिद्र ब्राँझचं बुश बसवणार असाल तर ते आदल्या दिवशीच ऑइलमध्ये बुडवून ठेवा, २४ तास. कार्बनवर ऑइल सांडू देऊ नका.

आर्मेचरच (मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग) जळालं असेल तर वास आणि रंग दोन्ही सांगतात. तरीसुद्धा फेकू नका. आपल्याकडं शेतातल्या पंपाच्या मोटारी वायंडिंग करणारे गावोगावी बसलेत, त्यातला एखादा बारीक काम करणारा गाठा आणि त्याला हे आर्मेचर द्या, वायरचा गेज आणि फेऱ्या जुन्याच ठेवायला सांगा. जुन्या मोटारींत चुंबकाच्या जागीही वायंडिंगच असतं, त्यामुळं बॅटरीची टोकं उलटी केली तरी मोटार त्याच दिशेला फिरते. नव्या मोटारीत कायमचा चुंबक असतो, ती उलटी फिरते. प्लस बॉडीला असलेल्या गाडीत नवी मोटार बसवली की वायपर भलतीकडं थांबतो तो त्यामुळंच, आणि शिवाय नव्या मोटारीचा जोर जास्त, जुनं लिंकेज तो सोसत नाही.

वायपर मधेच थांबतो याचं बघू. आधी हे बघा की तुम्ही वायपर बंद कशानं करता. किल्लीनं गाडी बंद केली आणि वायपरचा स्विच तसाच राहिला, तर सप्लाय गेल्यावर ब्लेड जागेवर जाणार कसा. आधी वायपरचा स्विच बंद, ब्लेड खाली येऊ दे, मग किल्ली. तरीही मधेच थांबत असेल तर मोटारीच्या गिअरच्या कव्हरमध्ये पार्किंगचा लिमिट स्विच असतो त्याचे पॉइंट साफ करा. ब्लेड थांबतो खरं दोन बोटं वर किंवा खाली, असं असेल तर लुकास पद्धतीच्या मोटारीत गोल कव्हरचे स्क्रू जरा ढिले करून कव्हर थोडंथोडं फिरवायचं, चालू-बंद करून बघायचं, जमलं की आवळायचं. आर्म स्पिंडलवर एक-दोन दात सरकवून बसवला तरी थांबायची जागा बदलते, खरं मग वरच्या टोकाला ब्लेड रबर बीडिंगवर आपटतो का ते ओल्या काचेवर बघितल्याशिवाय सोडू नका.

आता ब्लेड आणि काच. मे महिन्याचं बेळगावातलं नाही तर चिकोडी-अथणीचं ऊन खाल्लेलं रबर म्हंजे खडू, नखानं धार दाबली की तडा दिसतो. दरवर्षी मृगाच्या आधी रबर बदला. जुन्या गाड्यांची काच कमी वळणाची, आणि हल्लीचे सपाट बिनफ्रेमचे ब्लेड जास्त वळणाच्या काचेसाठी केलेले असतात, ते जुन्या काचेवर सगळीकडं सारखे दाबत नाहीत. जुनी पत्र्याची फ्रेम ठेवून आत नुसती रबराची पट्टी बदलणं हेच बरं, जुन्या रबराचं माप इंचात मोजून घेऊन जा, दुकानदाराला गाडीचं नाव सांगून मागू नका, तो अंदाजानं काहीही देईल.

ब्लेड नवीन आहे तरी पाणी राहालंय, तर आर्मची स्प्रिंग. ताणकाटा ब्लेडच्या मधे अडकवून काचेवरनं उचलायला लागणारं वजन बघा, ब्लेडच्या एका इंचाला साधारण ३० ग्रॅम हा हिशोब, म्हंजे ११ इंची ब्लेडला तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम. फार कमी असेल तर स्प्रिंग बदला. लोक स्प्रिंग कापून हुक पुढं लावतात, त्यानं दाब एकदम वाढतो आणि मोटार संथ होते, मग परत मोटारीला शिव्या.

ब्लेड एका दिशेला छान आणि परत येताना थरथरत, टरटर आवाज करत येतो, तर आर्म पिळलेला आहे. थांबलेल्या जागेवर रबर काचेशी बरोबर काटकोनात उभं पायजे. दोन पाने घेऊन आर्मच्या चपट्या भागाला अगदी जरासा पीळ द्या, बघा, परत जरासा.

काच साफ असणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे. हायवेला निपाणी ते बेळगाव ट्रकच्या मागनं आलं की काचेवर डिझेलचा थर, खानापूरकडची लाल धूळ, उसाच्या सीझनला ट्रॉलींच्या मागं उडालेला चिकट कचरा, आणि वॉशिंग सेंटरवाल्यानं सगळ्या गाडीला मारलेली पॉलिश काचेवरही आलेली. नुसत्या पाण्यानं हे जात नाही. भांड्याच्या साबणानं धुवून, मग पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी मिसळून, मग ओल्या वर्तमानपत्रानं चोळा. पाणी टाकलं की थेंब न होता सारखा पडदा पसरला तर काच साफ. रबराची धारही व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा, फडकं काळं होईना झालं की थांबा. रबराला रॉकेल, डिझेल लावू नका, फुगतं. जुन्या ब्लेडनं पडलेले हलके गोल ओरखडे सेरियम ऑक्साईडची पूड पाण्यात कालवून फेल्टच्या चाकानं घासले की कमी होतात, नखाला लागणारा ओरखडा मात्र जात नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर असेल तर काच बदला.

जीपवाल्यांसाठी वेगळं. जुन्या जीपला काही ठिकाणी अजून व्हॅक्यूमचा वायपर आहे, इंजिनच्या मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातून) एक रबरी नळी येते आणि त्या ओढीवर वायपर हालतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ जाते आणि वायपर थांबतो, हा बिघाड नाही, त्याची पद्धतच ती आहे. चोर्ल्याला किंवा आंबोलीला घाटात चढताना एक क्षण पाय सैल सोडायचा, दोन फेऱ्या मारून घ्यायच्या, परत दाबायचं. खरं आयडलला सुद्धा मंद असेल तर नळी बघा, वाळून चिरलेली असते, सगळी एकदम बदला, तिच्या चिरेतून हवा शिरली की इंजिनही नीट आयडल होत नाही. व्हॅक्यूम गेज लावून बघणार असाल तर समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच धरतात, बेळगाव साधारण ७५० मीटरवर आहे, इथं दोन-अडीच इंच कमीच दाखवणार, तेवढ्यावरून इंजिन गेलंय म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. नळी चांगली असून वायपर हालंना तर आतलं चामड्याचं पॅडल सुकलंय, नळी काढून त्या तोंडातून हलकं मशीन ऑइल चार थेंब सोडा आणि हातानं पुढं-मागं करत राहा, चामडं मऊ होईल तशी ओढ परत येते.

सगळं बसवून झालं की टेस्ट नीट करा. पाण्याचा पाइप काचेवर सोडा, हेडलाईट लावा, वायपर सलग पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, मग मोटारीच्या बॉडीला हात लावा. कोमट चालतं, हात ठेववंना तर कुठंतरी अजून जाम आहे. फ्यूजच्या दोन्ही टोकांना आणि स्विचलाही हात लावून बघा, जिथं गरम लागतं तो जोड परत साफ करा. कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवून दाखवू नका, मित्रांना दाखवायलाही नाही. १५ वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी वाढवायला आरटीओला न्यावी लागते तेव्हा वायपर चालू करून दाखवायला सांगतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १०१ नुसार पॉवरवर चालणारा, नीट काम करणारा वायपर पायजेच, त्यामुळं हे सगळं त्याच्या आधी झालेलं बरं.

आणि एवढं करूनही जांबोटी-कणकुंबीच्या पुढं भर पावसात वायपर बंदच पडला, तर आधी हॅझर्ड किंवा साइड इंडिकेटर लावून रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या. अर्धा कापलेला बटाटा काचेवर बाहेरनं चोळा, नाहीतर ओली केलेली तंबाखू, निपाणी भागातले जुने ट्रकवाले हेच करत आलेत. थेंब न होता पाणी पडद्यासारखं खाली उतरतं आणि वीस-पंचवीसच्या स्पीडनं पुढच्या गावापर्यंत जाता येतं, तेही उजेड असेल तरच. रात्री नको, रात्री जवळचं घर किंवा टपरी बघून पाऊस कमी होईतो थांबा. डिकीत दोन जादा फ्यूज, एक रबराची पट्टी, थोडी वायर, पक्कड आणि इन्सुलेशन टेप पावसाळाभर राहू दे.